व्हिमची कळ बदलण्याआधी

टर्मिनलमध्ये व्हिम वापरायला लागलं की लवकरच कधीतरी व्हिमआरसी ही फाइल उघडली जाते आणि तिच्यात पहिलं मॅपिंग, म्हणजे कळेला नवं काम देणारी ओळ, लिहिलं जातं. ओळ बहुधा कुणाची तरी उचललेली असते. ती चालते, बरं वाटतं, मग दुसरी येते, तिसरी येते. काही महिन्यांनी फाइल भरून वाहत असते आणि त्यातली निम्मी मॅपिंग कशासाठी केली होती ते आठवत नाही. एखादी कळ दाबल्यावर क्षणभर अडखळते, एखादी आज्ञा भलतंच काही खोडून टाकते, आणि दोष मात्र व्हिमच्या माथी जातो. मॅपिंग करूच नका, असं मला म्हणायचं नाही. कळा बदलता येणं हा या संपादकाचा मोठा गुण आहे आणि मराठीत लिहिणाऱ्याला तर त्याची गरज इंग्रजीत लिहिणाऱ्याहून जास्त पडते. माझं म्हणणं एवढंच आहे की कळ बदलण्याआधी ती तिथे का आहे हे पाहावं. जवळजवळ प्रत्येक कळेमागे तीनपैकी एक कारण सापडतं. कधी ती टर्मिनलची मर्यादा असते. तिथे तुमच्या इच्छेला फारसा वाव नसतो. कधी ती एका जुन्या यंत्राची रचना असते, जी तुमच्या समोरच्या कळफलकाला लागूच नाही. तिथे बदल खुशाल करावा. आणि कधी ते आज्ञांचं व्याकरण असतं. तिथे एक कळ हलवली की तिच्यावर टेकलेल्या इतर आज्ञाही ढासळतात.

टर्मिनलच्या मर्यादेपासून सुरुवात करू, कारण ‘मॅपिंग बरोबर लिहिलं तरी चालत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते. ब्राउझरसारख्या प्रोग्रामला कोणती कळ दाबली, सोबत शिफ्ट होती की कंट्रोल, ती कधी सोडली, हे सगळं ऑपरेटिंग सिस्टीम कळवते. टर्मिनलमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामपर्यंत कळ पोचतच नाही; पोचतो तो एक आकडा. कंट्रोल धरून अक्षर दाबलं की आस्की सारणीतल्या त्या कॅपिटल अक्षराच्या आकड्यातून ६४ वजा होतात. ‘आय’चा आकडा ७३, वजाबाकी करून ९ उरतात, आणि ९ म्हणजे टॅब. ‘एम’चा ७७, उरतात १३, म्हणजे एंटर. डाव्या चौकोनी कंसाचा ९१, उरतात २७, म्हणजे एस्केप. त्यामुळे साध्या टर्मिनलमध्ये टॅब आणि कंट्रोल-आय या दोन कळा नाहीतच, ती एकच कळ आहे. नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे कळा आज्ञा म्हणून चालतात तेव्हा, टॅबला ‘पुढची फाइल’ असं काम लावणारी ओळ अनेकांच्या व्हिमआरसीत असते. ती लावल्यावर कंट्रोल-ओ दाबून मागच्या जागी जाता येतं, पण कंट्रोल-आय दाबून पुन्हा पुढे येणं बंद पडतं, आणि या दोन गोष्टींचा संबंध आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. कंट्रोल-एस आणि कंट्रोल-शिफ्ट-एस यांचाही आकडा एकच असतो, म्हणून दोघांना वेगवेगळी कामं देता येत नाहीत. वर, कंट्रोल-एस मुळात व्हिमपर्यंत पोचेलच याची खात्री नसते: बऱ्याच टर्मिनलांत तो स्क्रीन गोठवतो आणि कंट्रोल-क्यू ती सोडवतो. टेलिप्रिंटरच्या काळातली ही प्रवाहनियंत्रणाची सोय बंद करायची तर शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये एसटीटीवाय या आज्ञेने करावी लागते. व्हिमआरसीत नुसती मॅपिंग लिहून उपयोग होत नाही.

बाणांच्या कळांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. ‘वर’चा बाण दाबला की टर्मिनल तीन अक्षरं पाठवतं: एस्केप, डावा चौकोनी कंस आणि कॅपिटल ए. बऱ्याच टर्मिनलांत ऑल्टसोबतचं अक्षरही एस्केप आणि मग ते अक्षर असंच पोचतं. म्हणून एस्केपचा आकडा आला की व्हिमला ठरवावं लागतं की ही खरी एस्केप कळ आहे की बाणाची सुरुवात, आणि ते ठरवण्यासाठी तो थोडा थांबतो. किती थांबायचं हे टीटाइमआउटलेन या पर्यायात असतं. निओव्हिम या व्हिमच्या नव्या शाखेत ते मुळातच ५० मिलिसेकंद आहे. व्हिमच्या ८.० आवृत्तीपासून सोबत येणाऱ्या डिफॉल्ट फाइलमध्ये ते १०० आहे. पण ही फाइल तुमची स्वतःची व्हिमआरसी नसेल तेव्हाच आपोआप वाचली जाते. स्वतःची व्हिमआरसी तयार केल्याबरोबर ते १०० जातात आणि मॅपिंगसाठीच्या टाइमआउटलेन या पर्यायाची १००० मिलिसेकंदांची मुदतच एस्केपलाही लागू होते. ‘व्हिमआरसी केल्यापासून एस्केप उशिरा लागतो’ या अनुभवामागे नेहमी हेच कारण असतं असं नाही, पण पहिली तपासणी इथेच करावी: हा पर्याय स्वतःच्या फाइलमध्ये स्पष्ट लिहून टाकावा, किंवा डिफॉल्ट फाइल आपल्या फाइलच्या सुरुवातीलाच मागवून घ्यावी. काही नव्या टर्मिनलांनी कळांची जास्त माहिती पाठवणारे संकेत आणले आहेत. किट्टी या टर्मिनलचा संकेत त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. मात्र त्याचा फायदा टर्मिनल, मध्ये टीमक्स हा टर्मिनल विभागणारा प्रोग्राम असल्यास तो, आणि संपादक या तिघांनाही तो कळत असेल तरच मिळतो. आपल्याकडे नेमकं काय पोचतंय हे पाहायचं असेल तर इन्सर्ट मोडमध्ये, म्हणजे मजकूर लिहिताना, कंट्रोल-व्ही दाबून मग ती कळ दाबावी. दोन वेगळ्या कळांना एकच चिन्ह उमटलं तर व्हिमच्या दृष्टीने विषय संपला.

आता जुन्या यंत्राची गोष्ट. व्हिमचा पूर्वज व्हीआय हा बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या आवारात लिहिला. त्यांच्यासमोर होतं लिअर सिगलर कंपनीचं एडीएम-३ए हे टर्मिनल. त्याच्या कळफलकावर एच, जे, के, एल या चार अक्षरांवरच बाण छापलेले होते. एस्केप होतं क्यूच्या डावीकडे, जिथे आज टॅब असतो. कंट्रोल होतं ‘ए’च्या डावीकडे, जिथे आज कॅप्स लॉक बसलेला आहे. इन्सर्ट मोडमधून सतत एस्केप दाबून बाहेर यायचं, ही पद्धत त्या कळफलकावर अगदी स्वाभाविक होती. करंगळी जरा वर सरकवली की काम झालं. ब्राम मोलेनार यांनी १९९१ साली व्हिम प्रसिद्ध केला तोवर कळफलक बदलले होते, एस्केप कोपऱ्यात गेलं होतं, पण आज्ञा तशाच राहिल्या. म्हणजे एस्केपची आजची जागा व्हिमच्या रचनेचा भाग नाही, तो नंतर झालेला अपघात आहे, आणि तो दुरुस्त करायला अजिबात कचरू नये. प्रश्न फक्त कुठे दुरुस्त करायचा, एवढाच. माझं ठाम मत आहे की ही दुरुस्ती ऑपरेटिंग सिस्टीममध्ये करावी: कॅप्स लॉकलाच एस्केप बनवावं. लिनक्समध्ये कळफलकाच्या मांडणीच्या पर्यायांत ती सोय आहे, मॅकमध्ये कीबोर्ड सेटिंग्जमधल्या मॉडिफायर कीजमध्ये, आणि विंडोजमध्ये पॉवरटॉइजच्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये. कंपनीच्या यंत्रावर तेवढा अधिकार नसेल तर कंट्रोल आणि डावा चौकोनी कंस आहेच. वर पाहिलं तसं तो एस्केपच आहे आणि त्याला मॅपिंग लागत नाही.

यावर हमखास सुचवला जाणारा दुसरा उपाय म्हणजे इन्सर्ट मोडमध्ये ‘जे-के’ किंवा ‘जे-जे’ ही जोडी एस्केपला लावणं. इंग्रजीत या जोड्या क्वचितच शेजारी येतात, म्हणून तिथे तो चांगला चालतो. तरीही प्रत्येक ‘जे’नंतर पुढची कळ येईपर्यंत किंवा टाइमआउटलेनचा एक सेकंद संपेपर्यंत व्हिमचा निर्णय लटकलेला राहतो, हे विसरू नये. मराठीत मात्र हा उपाय मुळातूनच फसतो. इन्स्क्रिप्ट मांडणीत ‘जे’च्या कळेवर र आहे आणि ‘के’च्या कळेवर क. कळफलक देवनागरीवर असताना लॅटिन अक्षरांची जोडी व्हिमला दिसतच नाही. म्हणून ‘रक’ या जोडीला एस्केप लावावं, तर ‘सरकार’ लिहिताना ‘स’ उमटल्यावर र आणि क एस्केपने गिळले जातात आणि पुढच्या कळा नॉर्मल मोडमध्ये जाऊन पडतात. ‘प्रकार’, ‘प्रकाश’, ‘प्रकरण’, ‘फरक’ यांची गतही तीच. ‘रर’ निवडावं तर ‘दररोज’ आडवा येतो. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये बदललेली एस्केप कळ कोणत्याही मांडणीत एस्केपच राहते, म्हणून मराठी लिहिणाऱ्यासाठी तोच मार्ग धरावा.

तिसरं कारण, म्हणजे व्याकरण, हे या लेखाचं मुख्य कारण आहे. नॉर्मल मोडमधल्या कळा सुटे शॉर्टकट नाहीत. ‘डी’ म्हणजे खोडणं, ‘सी’ म्हणजे खोडून नवं लिहिणं, ‘वाय’ म्हणजे उचलणं. या क्रिया आहेत. ‘डब्ल्यू’ म्हणजे पुढच्या शब्दापर्यंत, ‘आय-डब्ल्यू’ म्हणजे कर्सर असलेला शब्द, ‘ए-पी’ म्हणजे पूर्ण परिच्छेद. हे आवाके आहेत. क्रिया आणि आवाका जोडला की आज्ञा होते, मध्ये आकडा घालता येतो आणि टिंबाची कळ दाबली की मागचा बदल पुन्हा होतो. पाच क्रिया आणि वीस आवाके शिकलात तर शंभर आज्ञा हाताशी आल्या. म्हणूनच इथे एखादी कळ बदलणं म्हणजे एक शॉर्टकट बदलणं नव्हे. एक नेहमीचं उदाहरण घ्या. खेळांच्या सवयीमुळे कुणाला बाण चौकोनी मांडणीत हवे असतात: आय वर, के खाली, जे डावीकडे, एल उजवीकडे. तो मोडचं अक्षर न लावता साध्या नोरीमॅप या आज्ञेने ‘आय’ला ‘के’चं काम देतो. फिरताना सगळं ठीक चालतं. मग कधीतरी एक शब्द खोडायला तो ‘डी-आय-डब्ल्यू’ दाबतो. व्हिम ‘डी’ वाचतो आणि आवाक्याची वाट पाहतो. ‘आय’ येतो, पण मॅपिंग तिथेही लागू असल्यामुळे त्याचा अर्थ होतो ‘वर’. ‘खोड, वरपर्यंत’ म्हणजे चालू ओळ आणि तिच्यावरची ओळ, दोन्ही गायब. उरलेला ‘डब्ल्यू’ कर्सर शांतपणे पुढच्या शब्दावर नेऊन ठेवतो. ओळीत ‘एन’ लावून मॅपिंग नॉर्मल मोडपुरतं ठेवलं तर हा विशिष्ट अपघात टळतो. पण इन्सर्टचा मूळ ‘आय’ आता कुठे न्यायचा हा प्रश्न उरतोच. तो ‘एच’वर नेला की ‘एच’चं मूळ काम गेलं, आणि ‘आय’ या एकाच अक्षराचा अर्थ एकटा असताना वेगळा आणि ‘डी’नंतर वेगळा, हे ओझं डोक्यात कायमचं राहिलं.

याचा अर्थ व्याकरणाच्या कळा अस्पर्श आहेत असा नाही. व्याकरणाला जास्त सुसंगत करणारा बदल चांगलाच असतो. कॅपिटल डी कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंत खोडतो, कॅपिटल सी तिथपर्यंत खोडून लिहायला लावतो. पण कॅपिटल वाय मात्र व्हिममध्ये पूर्ण ओळ उचलतो. ही जुनी विसंगती आहे. व्हिमच्या मदतीच्या पानांतही तिचा स्पष्ट उल्लेख असून ती दूर करणारं मॅपिंग सुचवलेलं आहे, आणि निओव्हिमने ०.६ आवृत्तीपासून ते मुळातच लावून टाकलं. दुसरं उदाहरण लेख-कथा लिहिणाऱ्यांसाठी जास्त कामाचं आहे. गद्यात एक परिच्छेद म्हणजे फाइलमधली एकच लांबलचक ओळ असते आणि स्क्रीनवर ती सात-आठ ओळींत दुमडून दिसते. ‘जे’ दाबलं की कर्सर त्या सगळ्या ओलांडून थेट पुढच्या परिच्छेदात जातो. ‘जी-जे’ ही आज्ञा दिसणाऱ्या ओळीने खाली नेते, म्हणून ‘जे’ला ‘जी-जे’ करावंसं वाटतं, आणि ते रास्त आहे. ‘जे’चा अर्थ ‘खाली’ हाच राहतो. दोन पथ्यं मात्र पाळावीत. हे मॅपिंग फक्त नॉर्मल मोडमध्ये ठेवावं, म्हणजे ‘डी-जे’ पूर्वीसारखं पूर्ण ओळी खोडेल. आणि आधी आकडा दिला असेल तर मूळ ‘जे’च चालेल असं ते एक्सप्र प्रकारचं मॅपिंग करून लिहावं, म्हणजे बाजूला दिसणारे ओळींचे सापेक्ष क्रमांक पाहून मारलेली उडी चुकणार नाही.

मग स्वतःच्या नव्या आज्ञा कुठे ठेवायच्या? जिथे जागा मोकळी आहे तिथे. व्हिमने यासाठी लीडर नावाची सोय ठेवली आहे: एक कळ तुमची, आणि तिच्यापुढे येणारी सगळी अक्षरं तुमच्या मालकीची. मुळात ती बॅकस्लॅश असते. बरेच जण स्पेस वापरतात आणि ती निवड उत्तम आहे, कारण नॉर्मल मोडमध्ये स्पेस कर्सर एक अक्षर उजवीकडे नेते आणि ते काम ‘एल’ करतोच. लीडर ठरवणारी ओळ फाइलमध्ये सगळ्या मॅपिंगच्या आधी यायला हवी. ओळ वाचली जाते त्या क्षणीच लीडरची कळ तिच्यात भरली जाते, नंतर लीडर बदलला तर आधीच्या ओळींना त्याचा पत्ता लागत नाही. ज्यांचं काम दुसरी आज्ञा करतेच अशा कळाही घ्यायला हरकत नाही. छोटा एस हा ‘सी-एल’चा पर्याय आहे, कॅपिटल एस ‘सी-सी’चा. फंक्शन कळांपैकी एफ-१ मदतीसाठी सोडून बाकीच्या घेता येतात. स्वल्पविरामाला लीडर करण्याआधी मात्र विचार करावा: ‘एफ’ आणि ‘टी’ने ओळीत शोधताना उलट दिशेला जाण्याचं काम त्याच्याकडे आहे, आणि ज्याला त्याची सवय आहे त्याला ते मोलाचं वाटतं.

ओळ लिहितानाही काळजी घ्यावी लागते. साधं ‘मॅप’ वापरू नका, ‘नोरीमॅप’ वापरा आणि पुढे मोडचं अक्षर लावा: नॉर्मलसाठी एन, इन्सर्टसाठी आय, निवडलेल्या मजकुरासाठी एक्स, क्रियेनंतरच्या आवाक्यासाठी ओ. साध्या ‘मॅप’मध्ये उजवीकडच्या कळा पुन्हा मॅपिंगमधून जातात, त्यामुळे आज बरोबर चालणारी ओळ उद्या दुसरी ओळ लिहिल्यावर बिघडू शकते. ‘जे’ला ‘के’ आणि ‘के’ला ‘जे’ असं साध्या ‘मॅप’ने केलं तर व्हिम एकाकडून दुसऱ्याकडे फेऱ्या मारत राहतो आणि १००० फेऱ्यांनंतर चूक दाखवून थांबतो. प्लगइनची अंतर्गत नावं वापरायची असतील तेव्हाच साधं ‘मॅप’ लागतं. आणखी एक सापळा इतका साधा आहे की सहज नजरेतून सुटतो. मॅपिंगच्या ओळीच्या शेवटी टिप्पणी लिहिता येत नाही. समजा स्पेस-डब्ल्यूला फाइल साठवण्याचं काम दिलं आणि त्याच ओळीत पुढे अवतरणचिन्ह टाकून ‘सेव्ह’ हा शब्द इंग्रजीत लिहिला. व्हिम त्या शब्दालाही कळांचाच भाग समजतो: फाइल साठवतो आणि मग ती अक्षरं एकेक करून नॉर्मल मोडमध्ये दाबल्यासारखी चालवतो. आज्ञा चालते म्हणून शंका येत नाही, आणि मजकूर कुठेतरी बदललेला असतो. ओळीच्या शेवटी राहिलेली नुसती मोकळी जागाही अशीच कळ म्हणून धरली जाते. टिप्पणी नेहमी वरच्या ओळीत लिहावी. आणि ती जरूर लिहावी: हे मॅपिंग कोणत्या अडचणीसाठी केलं, हे एका वाक्यात.

आता देवनागरीचा मुद्दा, ज्याकडे इंग्रजी मार्गदर्शन वळतच नाही. व्हीआयच्या सगळ्या आज्ञा, कळफलकातून लॅटिन अक्षरं येणार हे गृहीत धरून बांधलेल्या आहेत. हे व्याकरण नव्हे, इतिहास आहे, म्हणून इथे बदल करण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सिस्टीमची मांडणी इन्स्क्रिप्टवर ठेवून लिहिताना एस्केप दाबून नॉर्मल मोडमध्ये आलात की एच, जे, के, एलच्या जागी व्हिमला प, र, क, त मिळतात आणि त्यांचा त्याला काहीच अर्थ लागत नाही. यावर लँगमॅप नावाचा पर्याय आहे: इन्सर्ट मोडमध्ये अक्षरं जशीच्या तशी उमटू द्यायची आणि नॉर्मल मोडमध्ये ‘प’ आला तर ‘एच’ समज, ‘र’ आला तर ‘जे’ समज, असं जोड्यांनी सांगायचं. ग्रीक, रशियन अशा लिप्यांसाठी तो सोपा आहे. देवनागरीत अडचण मात्रांची येते. इन्स्क्रिप्टमध्ये डाव्या हाताखाली स्वर आणि मात्रा आहेत, आणि व्हिमच्या बऱ्याच क्रियाही डाव्या हाताखालीच आहेत. ‘डी’च्या कळेवर हलन्ताचं चिन्ह आहे, ‘ई’वर काना, ‘एफ’वर पहिली वेलांटी, ‘एक्स’वर अनुस्वार. व्हिम मात्रेला आधीच्या अक्षराला चिकटलेली खूण मानतो, त्यामुळे ही अक्षरं ओळीने लिहिली की जोड्या विस्कटतात. व्यंजनांपुरता लँगमॅप ठीक चालेल, पण खोडण्याच्या क्रियेवरच जो अडखळतो त्याच्यावर विसंबता येत नाही.

म्हणून मराठीसाठी मी कीमॅप या दुसऱ्या पर्यायाचा आग्रह धरेन. यात सिस्टीमचा कळफलक इंग्रजीच राहतो आणि देवनागरीचं रूपांतर व्हिम स्वतः करतो, तेही जिथे मजकूर अपेक्षित आहे तिथेच: इन्सर्ट मोडमध्ये, शोधाच्या ओळीत, आणि ‘एफ’, ‘टी’, ‘आर’ या आज्ञांनंतर येणाऱ्या एका अक्षरासाठी. आज्ञा लॅटिनच राहतात, ‘डी-आय-डब्ल्यू’ मराठी शब्दावरही तसंच चालतं, आणि ‘एफ’नंतर ‘क’ची कळ दाबली की कर्सर ओळीतल्या पुढच्या ‘क’वर जातो. चालू-बंद करायला इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल आणि वरच्या टोकदार चिन्हाची कळ, म्हणजे अमेरिकन कळफलकावर कंट्रोल-६. त्यासाठीची फाइल स्वतः लिहिणं अवघड नाही. आपल्या व्हिमच्या फोल्डरमधल्या कीमॅप या उपफोल्डरमध्ये एक फाइल करायची, वरती मांडणीचं छोटं नाव द्यायचं, मग लोडकीमॅप हा शब्द, आणि त्याखाली एकेका ओळीत डावीकडे कळ, मध्ये मोकळी जागा, उजवीकडे देवनागरी अक्षर. उजवीकडे एकाहून जास्त चिन्हं चालतात, म्हणून ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ एका कळेवर येतात. ‘वाऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांमधल्या अर्ध्या ‘ऱ’ला, हलन्तासकट, स्वतःची कळ देता येते. ‘ॲ’साठीही आपल्याला हवी ती जागा ठरवता येते. मराठीच्या ज्या गरजा सर्वसाधारण देवनागरी मांडण्या शिफ्टच्या आडोशाला ढकलतात, त्या इथे हाताखाली आणता येतात. कळा बदलण्याचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. त्याबरोबर डेलकम्बाइन हा पर्यायही चालू करावा. तो बंद असताना चुकलेली वेलांटी खोडायला बॅकस्पेस दाबला की तिच्यासोबत व्यंजनही जातं. चालू असला की फक्त मात्रा जाते. सिस्टीमची मांडणीच वापरायची असेल, तर इन्सर्ट मोड सोडताच कळफलक इंग्रजीवर नेणारी ऑटोकमांड आयबस किंवा एफसीआयटीएक्स या इनपुट प्रोग्रामांच्या मदतीने लिहिता येते. तीही चालते, पण ती त्या यंत्रापुरतीच.

या सगळ्यावर एक आक्षेप सर्व्हरवर काम करणाऱ्यांकडून येतो. तिथे आपली व्हिमआरसी नसते, असतो तो साधा व्हीआय, कधी बिझीबॉक्समधला अगदी छोटा. मग सवयी बिघडवायच्याच कशाला? आक्षेप खरा आहे, पण तो व्याकरणाच्या कळांना लागू होतो. व्हीआय पॉझिक्स मानकाचा भाग आहे, त्यामुळे डी, सी, वाय आणि एच, जे, के, एल यांची सवय जवळजवळ कुठेही कामाला येते, आणि म्हणूनच त्यांची अदलाबदल करू नये. लीडरच्या मागे ठेवलेली आज्ञा तिथे नसेल तर नुकसान एवढंच की अपूर्णविराम (कोलन) टाकून ती पूर्ण लिहावी लागते. व्याकरणाची सवय मात्र बिघडत नाही.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा असतो: वर्षानुवर्षं कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही वापरलेल्या हाताने नवं का शिकायचं? इन्सर्ट मोडपुरता हा आक्षेप मला मान्य आहे. तिथे व्याकरण चालत नाही, तेव्हा प्रवाहनियंत्रण बंद करून कंट्रोल-एसला ‘साठव’ हे काम देण्यात काही वावगं नाही. कंट्रोल-व्ही मात्र नॉर्मल मोडमध्ये स्तंभाची निवड करतो. व्हिमसोबत विंडोजच्या सवयींसाठी एक तयार फाइल येते; ती कंट्रोल-व्हीला ‘पेस्ट’ देते आणि स्तंभनिवड कंट्रोल-क्यूवर हलवते. आणि कंट्रोल-क्यू टर्मिनल स्वतःकडेच ठेवू शकतं, हे वर आलंच आहे. म्हणजे एक ओळखीची कळ मिळवताना एक ताकदीची आज्ञा हातची जाऊ शकते. सिस्टीमच्या क्लिपबोर्डवर उचलणं आणि तिथून टाकणं लीडर-वाय आणि लीडर-पीला दिलं तर हा सौदा करावाच लागत नाही. निओव्हिमचे तयार संच वापरणाऱ्यांचं म्हणणं असतं की निवड अनुभवी लोकांनी केलेली आहे, आपण डोकं कशाला चालवायचं. पण त्यांची निवड पाहिली तर ती याच दिशेची आहे. लेझीव्हिममध्ये लीडर स्पेस आहे, जवळजवळ सगळ्या नव्या आज्ञा तिच्यामागे आहेत, आणि उडी मारण्यासाठी घेतलेली कळ छोटा एस आहे, जिचं मूळ काम ‘सी-एल’ करतोच. असा संच जरूर वापरावा. मात्र त्यावर स्वतःची ओळ चढवण्याआधी ती कळ आधीच कुणी घेतली आहे का ते पाहावं.

ते पाहण्याची पद्धत ठरलेली आहे. ‘हेल्प’ आज्ञेला ‘इंडेक्स’ हा शब्द दिला की प्रत्येक मोडमधल्या मूळ कळांची यादी उघडते. कळेचं जन्मतःचं काम तिथे दिसतं. ‘मॅप’ आज्ञेपुढे कळ लिहिली की तिच्यावर बसवलेलं मॅपिंग दिसतं, आणि तिच्याआधी ‘व्हर्बोज’ लावलं की ते कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीत शेवटचं लिहिलं गेलं तेही कळतं. प्लगइन आणि आपली फाइल यांच्यातलं भांडण बहुतेक वेळा या एका आज्ञेने मिटतं. नव्या ओळीत ‘युनिक’ हा गुण टाकला तर कळ आधीच घेतलेली असताना व्हिम गुपचूप पुसून न टाकता चूक दाखवतो. एका प्रकारच्या फाइलपुरतं हवं असलेलं मॅपिंग ‘बफर’ हा गुण लावून एफटीप्लगइन फोल्डरमधल्या त्या प्रकाराच्या फाइलमध्ये ठेवावं. मराठी गद्यासाठी केलेला ‘जी-जे’ पायथॉनच्या कोडमध्ये डोकावण्याचं कारण नाही. आणि काही बिघडलंच, तर व्हिम ‘क्लीन’ या पर्यायासह उघडून तीच कृती करून पाहावी. तिथेही बिघडत असेल तर शोध टर्मिनलकडे वळवावा. तिथे नीट चालत असेल तर व्हिमआरसीतल्या अर्ध्या ओळी टिप्पणी करून बंद कराव्यात, पुन्हा पाहावं, मग उरलेल्यांतल्या अर्ध्या. शंभर ओळींच्या फाइलमधली दोषी ओळ अशा सात फेऱ्यांत सापडते.